बोली कुठवर न्यायची

विश्रामबाग, सांगली

चि. बाळूस,

तुमच्या हॉकी संघाच्या लिलावासाठी तू पाठवलेला त्या एकोणीस वर्षांच्या गोलकीपरचा व्हिडिओ पाहिला. शूटआउटमधले सेव्ह देखणे आहेत, पण तेवढ्यासाठी बोली रुपयानेही वाढवू नकोस. चेंडू अडला हे सगळ्यांनाच दिसतं. तू बघ, अडल्यावर तो गेला कुठे. पॅडला लागून सर्कलच्या मध्यात आला, तर समोरचा फॉरवर्ड टपूनच बसलेला असतो. जाणता पोरगा किकरने तो बाजूला, बॅकलाइनकडे काढतो. आणि पेनल्टी कॉर्नरला बचावफळीवर ओरडतो का, तेही ऐक. तुम्ही व्हिडिओवर गाणं चढवलंय, त्यात कीपरचा आवाजच गेला!

आता पैशाचं. 2024 च्या हॉकी इंडिया लीगच्या लिलावात पुरुष संघाच्या हाती 4 कोटी आणि घ्यायचे 24 खेळाडू. ड्रॅगफ्लिकर हरमनप्रीत सिंग 78 लाखांना गेला. ड्रॅगफ्लिकचे गोल मोजता येतात ना. आपल्या मुंबईचा कीपर सूरज करकेरा, भारताकडून खेळलेला, 22 लाखांना. आयर्लंडचा डेव्हिड हार्ट 32 लाखांना. मुरलेल्या कीपरची धाव ही एवढी. सर्वांत खालची बेस प्राइस होती 2 लाख. या पोराला तिथून आठ लाखांपर्यंत न्यायला माझी हरकत नाही. पुढे हात खाली, मग शेजारच्या टेबलावरचा कितीही चिथवू दे.

पण त्याआधी मालकांना विचार, या पोराच्या आधी गोलमध्ये कोण उभं राहणार? जागा एकच. तीस लाखांचा परदेशी कीपर घेतलात, तर कोच त्याला बसवून या पोराला उतरवेल? मग दोन लाखही महागच. कीपर श्रीजेश 2006 साली भारताकडून पहिल्यांदा खेळला, पण पहिल्या पसंतीचा कीपर व्हायला त्यालाही वर्षं लागली. पुढे तो आणि दुसरा कीपर कृष्ण पाठक सामन्याचे क्वार्टर वाटून घेत. तशी वाटणी कोच आधी कबूल करत असेल, तर माझ्या आठाचे दहा कर. नसेल, तर पोराला दुसऱ्या संघात जाऊ दे.

त्याला घेतलंत, तर किट आणि कीपरसाठी वेगळा कोच, हा खर्च त्याच्या रकमेतून कापू नका. श्रीजेशच्या किटसाठी वडिलांनी गाय विकली होती. कोटींचे व्यवहार करणाऱ्यांनी पॅडसाठी पोराच्या बापाकडे बघावं, हे मला पटत नाही.

दिवाळीला येताना त्याचे पूर्ण साठ मिनिटांचे सामने आण, हरलेले असले तर उत्तम. ताईला नमस्कार.

तुझा,
मामा