ईस्टरची बिनखर्ची बाग

पुनरुत्थानाचा सण २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान येतो. त्या सुमारास आपल्याकडे नवा गहू घरी आलेला असतो. मग शोभेच्या सामानाकरिता कर्ज काढावयाचे कारण काय? शब्बाथशाळेतील मुलांकडून पुढील बाग करवावी.

साहित्य: पसरट खापर, माती, थोडे शेणखत, ओंजळभर गहू, लहानसे बोळके व एक चपटा दगड.

कृती: झावळ्यांच्या रविवारापूर्वीच्या गुरुवारी रात्री गहू भिजत घालावा. शुक्रवारी खापरात दोन बोटे खतमाती पसरावी. एका बाजूस बोळके आडवे ठेवून, त्याचे तोंड मोकळे राखून, ते चिखलाने लिंपावे. ही कबर होय. बाकीच्या जागी गहू दाट पेरून वर मातीचा पातळ थर द्यावा व रोज पाणी शिंपडावे. उत्तम शुक्रवारी कबरेच्या तोंडी दगड लावावा. रविवारी पहाटे मुलांनी तो बाजूस लोटावा. तोवर भोवती हिरवळ दाटलेली असेल.

“हे घट बसविणेच नव्हे काय?” असे एखादा नवा बंधु विचारील. त्यास सांगावे की, घटाची पूजा होते. ही बाग केवळ धडा आहे, आणि सण होताच ती गुरांस घालावयाची आहे.

बोध: योहान १२:२४ वाचावे. मग उपदेशकाने एक रोप उपटून मुलांस दाखवावे. दाण्याचे रिते टरफल मुळाशी राहिले आहे. त्यातील सत्त्व कोंबात गेले आहे. प्रभूने आपल्या मरणाविषयी सांगताना गव्हाचा दाणाच का निवडला, हे मग मुलेच सांगतील.