पोर्तुगीज वसाहतींतील फुटबॉल : गोवा आणि मोझांबिक

आपल्या विद्यार्थ्यांस फुटबॉल हा दूरचित्रवाणीवरील, परदेशी खेळ वाटतो. शेजारच्या गोव्यात मात्र तो गावाचा खेळ आहे. १८८३ साली विल्यम लायन्स नावाचे ब्रिटिश धर्मगुरू प्रकृतिस्वास्थ्यासाठी बार्देशातील शिवोली गावी आले व त्यांनी तेथे हा खेळ रुजवला, असे सांगितले जाते. म्हणजे राज्य पोर्तुगीजांचे असले, तरी फुटबॉल आणला तो एका इंग्रजी भाषकाने! पुढे चर्चच्या शाळांतून आणि भातकापणीनंतर रिकाम्या झालेल्या शेतांतून तो पसरला. एक चेंडू आणि मोकळी जमीन एवढ्यावर भागत असल्याने तो गरिबाच्या आवाक्यात राहिला.

तथापि खेळ स्वस्त असला म्हणजे मैदान सर्वांना खुले असते, असे नाही. याच पोर्तुगीज सत्तेखालील मोझांबिकचे उदाहरण पाहावे. लोरेन्सू मार्किश, म्हणजे आजचे मापुटू, या शहरात गोऱ्यांच्या क्लबांची मैदाने शहराच्या मध्यभागी होती. तेथे मज्जाव असल्याने आफ्रिकी खेळाडूंनी आपली वेगळी संघटना उभारली आणि ते वस्त्यांतील वाळूवर खेळले. पळवणकर बाळू यांना पुण्यात मैदानावर गोलंदाजी करू दिली जाई, पण चहा मात्र बाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. हे ज्यांच्या घरी सांगितले गेले आहे, त्यांना या वाळूचा अर्थ वेगळा समजावून द्यावा लागणार नाही.

मापुटूच्या माफालाला वस्तीत १९४२ साली युसेबियो जन्मले. १९६६ च्या विश्वचषकात पोर्तुगालला तिसरे स्थान मिळाले; त्यात युसेबियोंचे नऊ गोल होते आणि कर्णधार मारियु कोलुना हेही मोझांबिकचेच. सालाझारची राजवट या खेळाडूंकडे बोट दाखवून आपल्या राज्यात वर्णभेद नाही असे जगास सांगे. वस्तुतः बहुसंख्य आफ्रिकींना नागरिकत्व नाकारून सक्तीच्या मजुरीस जुंपणारा ‘इंडिजेनातु’ कायदा १९६१ पर्यंत चालू होता. त्याच वर्षी १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. मोझांबिकला १९७५ ची वाट पाहावी लागली.

मुक्तीनंतर गोव्याच्या फुटबॉलला बळ दिले ते खाण उद्योगाने. साळगावकर, धेंपे, सेझा यांचे संघ पुढे आले. खेळाडूस कंपनीत नोकरी मिळू लागली, आणि आमच्या मते खरी कलाटणी हीच होती. पोट भरल्यावाचून सराव होत नाही. १९८३-८४ मध्ये गोव्याने संतोष करंडक जिंकला. गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर भारताचे कर्णधार झाले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. धेंपो संघाने पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले.

२०१२ मध्ये खाणी बंद पडल्या. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर व स्पोर्टिंग या तीन क्लबांनी अखिल भारतीय महासंघाच्या नव्या आराखड्याचा निषेध म्हणून आय-लीगमधून माघार घेतली. सणसवाडी-रांजणगाव परिसरातील कारखान्यांकडे आपण वह्या आणि गणवेश मागतो. यापुढे एक सपाट मैदान आणि खेळाडू मुलामुलींसाठी चार नोकऱ्याही मागाव्यात.