संकटापूर्वीचें काम

विद्यार्थिमित्रहो, गेल्या वर्षीं आमचे एक जुने विद्यार्थी आम्हांस भेटावयास आले. पंधरा वर्षें घरबांधणीचें काम केल्यावर तें सोडून आपत्तिव्यवस्थापनाच्या योजना आंखण्याचें काम पत्करावें, असें त्यांच्या मनांत होतें. वडील मात्र कष्टी होते. "चाळिशींत वाट बदलणें म्हणजे हातचें सोडून पळत्याच्या पाठीं लागणें," असें त्यांचें म्हणणें. या प्रश्नाचा विचार आपण एका खऱ्या उदाहरणावरून करूं.

कॅनडांतील हॅलिफॅक्स बंदरांत ता. ६ डिसेंबर १९१७ रोजीं सकाळीं स्फोटक द्रव्यांनीं भरलेलें एक फ्रेंच जहाज व नॉर्वेचें एक जहाज यांची टक्कर झाली. आग लागली आणि सुमारें २० मिनिटांनीं प्रचंड स्फोट झाला. सुमारें २,००० माणसें मेलीं व ९,००० जखमी झालीं. आग पाहण्यासाठीं कित्येक लोक खिडक्यांशीं उभे होते. कांचा फुटून त्यांचे डोळे गेले. जहाजांत काय आहे, हें त्यांस ठाऊकच नव्हतें.

त्या शहरांत सॅम्युएल हेन्री प्रिन्स नांवाचे एक धर्मोपदेशक होते. १९१२ सालीं 'टायटॅनिक' बुडाल्यावर प्रेतें आणण्यास गेलेल्या एका जहाजावरही ते गेले होते. शोकाकुलांचें सांत्वन करणें हें त्यांचें कर्तव्यच. परंतु तेवढ्यावर ते थांबले नाहींत. संकटांत समाज कसा वागतो व पुढें कसा बदलतो, याचा त्यांनीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत अभ्यास केला आणि १९२० सालीं त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. या विषयावरील पहिला पद्धतशीर ग्रंथ म्हणून तो ओळखला जातो. पुढें ते प्राध्यापक झाले. त्यांचा पहिला व्यवसाय वायां गेला नाहीं. नव्या विद्येस त्याचाच पाया लाभला.

अशा विद्येचें फळ काय? ओडिशांत १९९९ च्या महावादळांत सुमारें १०,००० माणसें गेलीं. त्यानंतर तेथें निवारे बांधले गेले, इशारे गांवोगांवीं पोंचविण्याची व्यवस्था झाली. २०१३ सालीं 'फायलिन' हें मोठें वादळ आलें, तेव्हां सुमारें १० लाख लोकांस आधींच हलविलें होतें. मृतांची संख्या पन्नाशीच्या आंत राहिली.

आपल्या देशांत २००५ च्या कायद्याप्रमाणें जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालीं जिल्हा प्राधिकरण असतें, व जिल्ह्याची योजना दरवर्षीं तपासावी लागते. योजना म्हणजे नुसता कागद नव्हे. पाणी प्रथम कोणत्या वस्तींत शिरतें? अंथरुणास खिळलेलीं माणसें कोणत्या घरांत आहेत? निवाऱ्याची किल्ली कोणापाशीं? तारा तुटल्या तर निरोप कसा जाईल? हें परिचारिकेस, शिक्षकास, हिशेबनिसासही उमगतें. ता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपांत दगडमातीच्या जाड भिंती व जड माळवदें झोपलेल्या माणसांवर कोसळलीं. भिंत कां पडते, हें घरें बांधणाऱ्यास इतरांहून अधिक कळतें.

तरीपण वडिलांची काळजीही खोटी नव्हे. या कामांतील पुष्कळ जागा मुदतीच्या करारावरच्या असतात. शिवाय काम उत्तम झालें तर कांहींच घडत नाहीं, आणि न घडलेल्या गोष्टीबद्दल कोणी हार घालीत नाहीं. म्हणून आम्हीं त्यांस सांगितलें, "नोकरी एकदम सोडूं नका. आधीं नागरी संरक्षण दलांत स्वयंसेवक व्हा. सुटींत या विषयाचें शिक्षण घ्या. आपल्याच गांवाची योजना वाचा व ती गल्लीगल्लींतून ताडून पाहा."

त्यांनीं तसेंच केलें. पावसाळ्यापूर्वीं ते गांवीं गेले, तेव्हां जुन्या पुराचें पाणी कोठवर चढलें होतें, ती खूण दाखविण्यास त्यांचे वडीलच काठी टेकीत पुढें चालले. योजनेंत ती खूण नव्हती.

मित्रहो, या सुटींत आपणही घरांतील वडीलधाऱ्यांस तोच प्रश्न विचारावा व उत्तर वहींत लिहून ठेवावें. या विद्येचा पहिला धडा तोच आहे.