तांब्याची तार आणि हलाल रोजी

इशाच्या नमाजनंतर जमातीतील एक तरुण मागे थांबला. त्याचे वडील नुकतेच सेवानिवृत्त झाले होते. हाती आलेली रक्कम इंटरनेटचे जाळे उभारणाऱ्या एका कंपनीच्या समभागांत गुंतवावी, असा त्याचा विचार होता. तो म्हणाला, "मौलाना, ही कंपनी दारू विकत नाही, सावकारी करीत नाही. मग तिचा समभाग हलालच ना?" प्रश्न प्रामाणिक होता, परंतु अर्धाच होता. उरलेला अर्धा समजण्यासाठी अमेरिकेतील एक जुने प्रकरण अभ्यासण्याजोगे आहे.

टेलिफोनवरील संभाषण तांब्याच्या तारेतील सुमारे 4 किलोहर्ट्झपर्यंतच्याच लहरी वापरते. त्यावरील लहरी रिकाम्या राहतात. त्याच रिकाम्या जागेतून वेगवान इंटरनेट नेण्याच्या तंत्राला डीएसएल म्हणतात. एक्स्चेंजपासून अंतर वाढले की वेग घटतो आणि साधारण साडेपाच किलोमीटरपलीकडे हे तंत्र फारसे चालत नाही. आपल्याकडेही 2005 पासून एमटीएनएल आणि बीएसएनएल यांनी हीच सेवा घरोघरी पोहोचविली.

अमेरिकेत 1996 च्या दूरसंचार कायद्याने जुन्या कंपन्यांच्या तारा नव्या कंपन्यांना भाड्याने घेण्याची मुभा दिली. त्यातून कोव्हॅड, नॉर्थपॉइंट आणि रिदम्स या कंपन्या पुढे आल्या. काम लोकोपयोगी होते, तंत्र खरे होते आणि समभागांचे भाव गगनाला भिडले. तरीही जानेवारी 2001 मध्ये नॉर्थपॉइंटने आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोव्हॅड व रिदम्स यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला. नॉर्थपॉइंटची सेवा बंद पडली तेव्हा सुमारे एक लाख ग्राहकांच्या जोडण्या तुटल्या.

तंत्र खरे असताना इमारत का कोसळली? एक मोठे कारण म्हणजे व्याजाचे कर्ज. उपकरणे बसविण्यासाठी या कंपन्यांनी चढ्या व्याजाचे रोखे विकले होते. एकट्या कोव्हॅडवर अशा रोख्यांचा बोजा सुमारे 140 कोटी डॉलरचा होता. दुसरे कारण म्हणजे हिशेबातील उत्पन्न आणि हाती आलेला पैसा यांतील अंतर. नॉर्थपॉइंटचे ग्राहक असलेल्या छोट्या इंटरनेट कंपन्या पैसे देऊ शकत नव्हत्या. शेवटी नॉर्थपॉइंटला आपले जाहीर केलेले उत्पन्न कमी करून पुन्हा मांडावे लागले.

आता शरीअतच्या दृष्टीने पाहू. समभाग म्हणजे केवळ कागद नव्हे, ती भागीदारी आहे. कंपनीच्या नफ्यात आपला वाटा असेल, तर तिच्या करारांतही आपला वाटा आहे. अल्लाह तआलाने सूरह बकराच्या आयत 275 मध्ये व्यापार वैध आणि व्याज निषिद्ध ठरविले आहे. सहीह मुस्लिममधील हदीसप्रमाणे व्याज घेणाऱ्याबरोबरच ते देणाराही दोषी आहे. म्हणूनच काही उलेमा व्याजाशी संबंध असलेल्या कंपनीचा समभाग पूर्णतः वर्ज्य मानतात. मुफ्ती मुहम्मद तकी उस्मानी यांच्यासारखे विद्वान काही अटींवर परवानगी देतात: मूळ व्यवसाय हलाल असावा, व्याजी व्यवहारांविरुद्ध भागधारकाने सभेत आवाज उठवावा, लाभांशातील व्याजाचा अंश दान करावा, आणि कंपनीची मालमत्ता निव्वळ रोख नसावी. शेवटची अट नव्या कंपन्यांना विशेष लागू पडते. भांडवल जमले, पण अद्याप यंत्र-तार काहीच घेतलेले नाही, अशा कंपनीचा समभाग चढ्या भावाने विकणे म्हणजे पैशाच्या बदल्यात जास्त पैसा घेणे होय.

'आयोफी' ही बहरीनस्थित संस्था व्याजी कर्जाची मर्यादा कंपनीच्या बाजारमूल्याच्या 30 टक्के मानते. येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घ्यावी. समजा, कर्ज 30 कोटी आणि बाजारमूल्य 120 कोटी आहे. कर्जाचे प्रमाण 25 टक्के झाले, म्हणजे मर्यादेच्या आत. भाव कोसळून बाजारमूल्य 40 कोटींवर आले, की तेच कर्ज 75 टक्के होते. कर्जात एका रुपयाचीही वाढ झालेली नसते. केवळ फुगवटा ओसरलेला असतो. म्हणून 'शरीअत-अनुरूप' हा शिक्का त्या दिवसापुरता असतो, कायमचा नसतो.

आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी 'गरर', म्हणजे घोर अनिश्चिततेचा सौदा, निषिद्ध केला. व्यापारात जोखीम असतेच आणि ती उचलणे हा दोष नाही. परंतु कंपनी पैसा कोठून मिळविते हे न जाणता केवळ भाव चढतो आहे म्हणून धावणे, हे व्यापारापेक्षा जुगाराच्या जवळचे आहे.

शेवटचा प्रश्न असा की, पैसा कोणाचा? सूरह निसाच्या आयत 5 मध्ये संपत्तीला जीवनाचा आधार म्हटले आहे. वडिलांची आयुष्यभराची कमाई मुलाच्या हाती अमानत असते. स्वतःच्या बचतीतील अल्प हिस्सा जोखमीत घालणे वेगळे आणि वृद्धांचा एकमेव आधार एकाच कंपनीत लावणे वेगळे.

पुढील शुक्रवारी तो तरुण कंपनीचा वार्षिक अहवाल घेऊन आला. आम्ही दोघांनी कर्जाचे पान उघडले. आकडा पाहून तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "मौलाना, हे पान मी वाचलेच नव्हते." ते पान वाचणे हाही तकव्याचा भाग आहे, एवढेच मी त्याला सांगितले.

अल्लाह आपणा सर्वांना हलाल रोजी देवो आणि तीत बरकत देवो. आमीन.