खेळण्यांवरील रंग आणि शिसें

लाल-पिवळा लाकडी भोंवरा बाळानें तोंडांत घातला कीं मळाच्या भीतीनें आपण तो काढून घेतों. परंतु मळाहून घातक पदार्थ त्या रंगांतच असूं शकतो. तो म्हणजे शिसें.

ऑस्ट्रेलियांतील ब्रिस्बेन शहरीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुष्कळ मुलें पोटशूळानें व हातापायांच्या लुळेपणानें आजारी पडूं लागलीं. विष शिशाचें हें डॉक्टरांनीं ओळखलें. तें येतें कोठून, हें मात्र कळेना. इ. स. १९०४ मध्यें डॉ. लॉकहार्ट गिब्सन यांनीं व्हरांड्यांच्या रंगविलेल्या कठड्यांकडे बोट दाखविलें. उन्हानें त्या रंगाची भुकटी होई, ती मुलांच्या हातांस लागे, आणि मुलें बोटें चोखीत. मुलांच्या हातीं येणाऱ्या जागीं असा रंग लावण्यास बंदी करणारा कायदा तेथें १९२२ सालीं झाला. इतक्या उघड गोष्टीस अठरा वर्षें लागावीं, याचें आम्हांस नवल वाटतें.

पोटांत गेलेल्या शिशापैकीं प्रौढ मनुष्य सुमारें दहावा हिस्सा शोषतो. लहान मूल जवळजवळ निम्मा. शरीर त्यास कॅल्शियम समजून हाडांत सांठवितें. ताप नाहीं, पुरळ नाहीं. केवळ बुद्धि मंदावते, आणि मूल आळशी ठरतें.

घरगुती रंगांत दशलक्ष भागांस नव्वद भागांहून अधिक शिसें नसावें, असा नियम आपल्या देशांत २०१६ सालीं झाला. पण आजोबांच्या वेळचा पाळणा त्यापूर्वींचा! त्याचा रंग कोरड्या कांचकागदानें घासूं नये. भुकटी घरभर पसरते. कित्येक सुरमे तर शिशाच्या खनिजाचेच असतात. शंका आल्यास रक्त तपासून शिशाचें प्रमाण कळतें.