ट्रॉली आधी हेलिपॅड असते

हेलिकॉप्टर ज्यावर उतरवायचं आणि तसंच हँगरात ओढायचं, अशा ट्रॉलीचं ड्रॉइंग समोर आलं की मी चाकं नंतर बघतो, आधी कडा बघतो. जुहूला देखभालीच्या कामात असताना एका फॅब्रिकेटरकडून ट्रॉली तयार होऊन आली. वेल्डिंग स्वच्छ, रंगकाम देखणं. पण मशीन घसरू नये म्हणून चारी बाजूंनी अँगलची उभी कड मारलेली. पायलटने ती पाहिली आणि त्यावर उतरायला साफ नकार दिला.

त्याचं बरोबर होतं. टेकताना किंवा उठताना हेलिकॉप्टर जरा आडवं सरकलं आणि स्किड (खालची टेकायची नळी) कडेला अडली, तर तीच कड बिजागरी होते. मशीन तिच्याभोवती कलतं आणि रोटरचाच जोर त्याला उलथवतो. याला डायनॅमिक रोलओव्हर म्हणतात. कल साधारण ५ ते ८ अंशांपलीकडे गेला की सायक्लिक (मशीन कलवायचा दांडा) उलट दाबून भागत नाही. म्हणून वरचा पत्रा सपाट, बिनकडेचा आणि खरखरीत हवा. बांधायचं ते रोटर थांबल्यावर, पट्ट्यांनी. उड्डाणाआधी त्या सगळ्या सुटल्या की नाही, हे दोघांनी बघावं. विसरलेली एक पट्टीही कडेचंच काम करते.

दुसरा धोका डुलण्याचा. श्वायझर ३०० सारख्या तीन पात्यांच्या मशीनला ग्राउंड रेझोनन्सचं भय असतं. खालचा आधार लवचीक असेल तर थरथर वाढत जाऊन काही सेकंदांत मशीन मोडू शकतं. रॉबिन्सनच्या दोन पात्यांच्या रोटरला हे भय फारसं नाही, तरी उतरताना ट्रॉली टायरांवर नको. स्क्रू जॅकचे पाय टेकवून घ्या.

वजनाचं गणितही उतरण्यावरूनच करा. रॉबिन्सनच्या आर ४४ रेव्हन २ चं कमाल वजन १,१३४ किलो. ते दोन्ही स्किडवर सारखं वाटलं जाईल असं धरू नका; एक स्किड आधी टेकते, तीही धक्क्याने. मी प्रत्येक बाजू पूर्ण वजनाच्या दुप्पट भाराला तपासतो.

बाकीचं ओढण्याचं. पन्नासात एक एवढ्या उतारावर हे वजन सुमारे २३ किलोच्या जोराने खाली खेचतं. कोरड्यात दोन माणसं धरतील. पावसात ओल्या फरशीवर पाय सुटतात. हँडल सोडताच लागणारा ब्रेक हवाच. कॅस्टर लहान घेतले तर दाराच्या रुळात रुततात. दाराची उंची मोजताना ट्रॉलीची उंची मिळवा. दोन पाती लांबीच्या रेषेत आणून बांधा. आणि टेल रोटरच्या गार्डला धरून कुणालाही ढकलू देऊ नका.

हे सारं कागदावर असतानाच स्वस्तात सुधारतं. स्टील कापायच्या आधी ड्रॉइंग घेऊन पायलटकडे जा आणि एकच विचारा: यावर उतराल का?