मामा, भाचा आणि ट्रक

नाशिकवरून मुंबई-आग्रा रस्ता जातो. हा रस्ता फार जुना आहे. आपल्या जिल्ह्याचा कांदा, द्राक्षे आणि टोमॅटो याच रस्त्याने बाहेर जातात. माल शेतकरी पिकवतो. पण तो बाजारात पोचवतो कोण? ट्रकचा ड्रायव्हर. आज आपण त्याच्या कामाविषयी वाचू.

आमच्या गावात एक म्हातारे ड्रायव्हर आहेत. सारा गाव त्यांना मामा म्हणतो. १९७० च्या सुमारास त्यांनी ट्रक हाती घेतला. आज त्यांचा भाचा ट्रक चालवतो. एकदा दोघे पारावर बोलत बसले होते. मीही तिथेच होतो.

भाच्याने विचारले, "मामा, तुमच्या वेळी कसं होतं हो?"

मामा म्हणाले, "अरे, तेव्हा स्टेअरिंग फिरवायचं म्हणजे दंड भरून यायचे. इंजिनाची सारी धग अंगावर. कसारा घाट चढताना पाणी उकळायचं. मग गाडी थांबवायची. क्लीनरनं चाकामागे दगड लावायचा, पाणी ओतायचं, आणि पुन्हा निघायचं. मुंबईच्या वेशीवर मुलुंडला जकात नाका. तिथं रांगेत रात्र जायची. घरी खुशाली कळवायची तर पोस्टकार्ड. पुष्कळदा कार्डाच्या आधी मीच घरी पोचायचो!"

भाचा हसला. म्हणाला, "आता तसं नाही. माझं स्टेअरिंग एका हातानं फिरतं. घरी रोज फोन होतो."

भाच्याचे म्हणणे खरे आहे. पुष्कळ गोष्टी बदलल्या. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईचे जकात नाके बंद झाले. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग झाला. त्याचा शेवटचा, इगतपुरीपासूनचा भाग ५ जून २०२५ ला सुरू झाला. त्या भागात डोंगरातून सुमारे ८ किलोमीटरचा बोगदा आहे. पूर्वी घाट चढावा लागे, आता डोंगराच्या पोटातून जाता येते. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकांच्या केबिनमध्ये थंड हवेचे यंत्र असलेच पाहिजे, असाही नियम झाला.

म्हणजे अंगाचे कष्ट कमी झाले. मग ड्रायव्हरचे काम सोपे झाले का?

मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "एक गोष्ट सांगतो. एकदा परगावी माल उतरवला. तिथल्या माणसानं कागद पुढं केला. म्हणाला, माल पोचल्याची पावती आहे, अंगठा दे. मी दिला. कागदावर लिहिलं होतं, दोन पोती कमी पोचली. पोती तर पुरी होती! पण अंगठा माझा. दोन पोत्यांचे पैसे माझ्या पगारातून गेले. त्या महिन्यात घरी काय पाठवू, हा घोर लागला."

भाचा म्हणाला, "आता सगळं फोनवर येतं, मामा."

मामांनी विचारले, "येतं खरं. पण तुला वाचता येतं का?"

भाच्याने मान खाली घातली. त्याची शाळा दुसरीतच सुटली होती.

मंडळी, इथेच खरी गोम आहे. पूर्वी ट्रकच्या लायसनसाठी आठवी पास असण्याची अट होती. २०१९ मध्ये सरकारने ती काढली. ज्यांना शाळा मिळाली नाही त्यांनाही रोजगार मिळावा, हा हेतू चांगलाच. पण अट गेली म्हणून गरज गेली नाही. उलट ती वाढली.

आता ई-वे बिल पाहा. हा मालासोबतचा परवाना आहे. तो १ एप्रिल २०१८ पासून सुरू झाला. पन्नास हजार रुपयांहून जास्त किमतीचा माल दुसऱ्या राज्यात न्यायचा, तर तो साधारणपणे लागतो. ताज्या भाजीपाल्याला लागत नाही. त्याला मुदत असते. साध्या ट्रकला २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो. म्हणजे १००० किलोमीटरला पाच दिवस. मुदत टळली तर दंड होऊ शकतो. वाटेत गाडी बिघडली आणि माल दुसऱ्या गाडीत घातला, तर त्यात नव्या गाडीचा नंबर घालावा लागतो. हा कागद पुष्कळदा इंग्रजीत असतो. म्हणून निदान इंग्रजी अंक, तारीख आणि गाडीचा नंबर ओळखता आलाच पाहिजे.

टोलचेही तसेच. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला. पैसे आपोआप कापले जातात. किती कापले ते वाचणार कोण?

आणखी एक गोष्ट याहून मोठी आहे. ती म्हणजे झोप. भाचा म्हणाला, "गाडी वेळेवर पोचली पाहिजे, म्हणून रात्र रात्र चालवतो. रस्ता सरळ, केबिन थंड. डोळा कधी लागेल, सांगता येत नाही." डोळा लागायला एक क्षण पुरतो. त्या क्षणात आपला जीव जातो, दुसऱ्याचाही जातो. मोटार वाहतूक कामगारांसाठी दिवसाचे आठ तास काम १९६१ च्या कायद्यानेच ठरवले होते. २१ नोव्हेंबर २०२५ ला नवी कामगार संहिता लागू झाली. तिच्यातही आठ तासांचीच मर्यादा आहे. पण हे भाच्याला कोणी सांगितले नव्हते. वाचता आले असते, तर त्याला ते स्वतःच कळले असते. जो आपला हक्क जाणतो, तोच तो मागू शकतो.

त्या दिवसापासून भाचा गावी आला की रात्रीच्या वर्गाला येतो. परवा त्याने काट्याची पावती हाती घेतली. बोट ठेवून एक एक अक्षर वाचले. गाडीचा नंबर वाचला. वजन वाचले. मग खाली सही केली.

मामा शेजारीच बसले होते. त्यांनी ती सही दोनदा पाहिली. बोलले काही नाहीत. दुसऱ्या दिवशी तेही वर्गाला आले.

सांगा पाहू :
१. मामांच्या पगारातून पैसे का गेले?
२. ६०० किलोमीटर जायचे आहे. ई-वे बिलाची मुदत किती दिवस?
३. दिवसाला किती तास काम, असे कायदा सांगतो?
४. आपल्या घरातील एखादी पावती घ्या. तिच्यावरची तारीख आणि रक्कम वाचून दाखवा.